दुर्बीण आणि दक्षिण महाराष्ट्रांतील दोन ग्रहणें

विजयदुर्गचा किल्ला पाहावयास गेलेल्या प्रवाशास तेथील 'साहेबाचे कट्टे' बहुधा दाखविले जातात. आणि ते दाखवितांना सांगितलें जातें कीं, सन १८६८ च्या सूर्यग्रहणाच्या वेळीं लॉक्यर नांवाच्या इंग्रज ज्योतिष्यानें या चौथऱ्यांवर दुर्बीण मांडली, आणि हीलियम नांवाचा वायु त्यास येथेंच प्रथम दिसला. ही हकीकत आम्हींही बाळपणीं वडील मंडळींच्या तोंडून ऐकली होती, व पुढें कित्येक वर्षें ती दुसऱ्यांस मोठ्या अभिमानानें सांगितलीही होती. अभिमान वाटावा असें कांहीं घडलें यांत शंका नाहीं. पण तें त्या ठिकाणीं व त्या माणसाच्या हातून घडलें नाहीं. १८६८ सालीं लॉक्यर हिंदुस्थानांत आलाच नव्हता. तो विजयदुर्गास उतरला तो त्यानंतर सुमारें तीस वर्षांनीं, १८९८ च्या जानेवारींत, आणि तोही दुसऱ्याच एका ग्रहणासाठीं. दोन ग्रहणें लोकांच्या बोलण्यांत एकमेकांत मिसळलीं एवढीच चूक असती, तर तिची दखल घेण्याचें कारण नव्हतें. परंतु या मिसळणींत एक खरी हकीकत पार बुडून गेली आहे, आणि ती सांगली-मिरजेच्या शेजारच्याच मुलुखांतली आहे. म्हणून ती येथें थोडी विस्तारानें सांगावी असें आम्हीं योजिलें आहे.

आमच्याकडे ग्रहण ही कांहीं नवी वस्तु नव्हे. राहु सूर्याला गिळतो ही पुराणांतली समजूत घरोघर चालत असली, तरी चंद्राच्या आड सूर्य येतो हें सिद्धांतकारांस हजार वर्षांहून अधिक काळ पक्कें ठाऊक होतें. भास्कराचार्यांनीं तें सांगितलें. आणि कोंकणांतील नांदगांवच्या गणेश दैवज्ञानें शके १४४२ मध्यें रचलेल्या 'ग्रहलाघवा'वरून महाराष्ट्रांतला खेड्यांतला जोशीसुद्धां ग्रहणाचा स्पर्श व मोक्ष काढीत असे. गणितांत कांहीं पळांचा, क्वचित् घटकेचा फरक पडे, पण ग्रहण चुकत नसे. हें सामर्थ्य लहान नव्हे. मात्र या सगळ्या विद्येचा प्रश्न एकच होता: ग्रह आज कोठें आहे, व उद्यां कोठें असेल? तो ग्रह म्हणजे आहे काय, दगड कीं तेज, वायु कीं पाणी, हा प्रश्न तिच्या कक्षेंत येत नव्हता. आणि हें आमच्याच ज्योतिषाचें वैगुण्य होतें असें कोणीं समजूं नये. सतराव्या शतकापर्यंत युरोपांतल्या ज्योतिषाचीही स्थिति बहुतांशीं हीच होती.

ती बदलली दुर्बिणीनें. इ. स. १६०९ च्या अखेरीस गॅलिलिओनें आपल्या हातच्या, वीसपट मोठें दाखविणाऱ्या नळींतून चंद्राकडे पाहिलें, तेव्हां उजेड व अंधार यांच्या सीमेपलीकडे काळोखांत त्यास तेजाचे ठिपके दिसले. डोंगराच्या पायथ्याशीं अजून अंधार आहे आणि शिखरावर ऊन पडलें आहे, असा देखावा साताऱ्याच्या माणसानें अजिंक्यताऱ्याकडे पाहून रोज सकाळीं अनुभवावा. तोच तर्क गॅलिलिओनें चंद्रावर चालविला, आणि चंद्रावर पर्वत आहेत असें ठरविलें. पुढल्या जानेवारींत गुरूभोवतीं फिरणारे चार चंद्र, त्याच वर्षाच्या शेवटीं शुक्राच्या कला, आणि मग सूर्याच्या बिंबावर सरकत जाणारे काळे डाग त्यानें पाहिले. शुक्राच्या कलांनीं तो सूर्याभोवतीं फिरतो हें सिद्ध झालें, ही गोष्ट शाळेंतल्या पुस्तकांतही असते. आमच्या मतें त्याहून खोल धक्का डागांनीं दिला. आकाशस्थ तेज हें निर्मळ, अविकारी अशी जी अॅरिस्टॉटलपासून चालत आलेली श्रद्धा होती, तिला प्रत्यक्ष सूर्याच्याच तोंडावरचे डाग दाखवून उत्तर मिळालें. सूर्य डागाळतो, म्हणजे तेथें कांहीं तरी घडतें व मोडतें. म्हणजे सूर्य ही एक वस्तु आहे. मग ती कसली, हें विचारणें प्राप्तच झालें.

विचारणें प्राप्त झालें, पण उत्तर अडीचशें वर्षें मिळालें नाहीं. त्या काळांतल्या अंधाराची कल्पना यावी म्हणून विल्यम हर्शल याचें उदाहरण देतों, कारण आमच्या हकीकतींत त्याच्या घराण्याचा संबंध पुढें येणार आहे. हा मूळचा गवई. इंग्लंडांत बाथ गांवीं संगीत शिकवून पोट भरी, आणि रात्रीं स्वतः घांसून तयार केलेल्या धातूच्या आरशांच्या दुर्बिणींतून बहीण कॅरोलाइन हिच्या मदतीनें आकाश धुंडाळी. १३ मार्च १७८१ रोजीं त्याला युरेनस सांपडला. प्राचीनांस ठाऊक असलेल्या ग्रहांत दुर्बिणीनें घातलेली ती पहिली भर. असा हा डोळस मनुष्य. पण १७९५ सालीं त्यानेंच असें प्रतिपादन केलें कीं, सूर्याचा गोळा आंतून काळा, घट्ट व थंड असून त्याच्यावर तेजस्वी ढगांचें पांघरूण आहे, आणि त्या पांघरुणाखालीं बहुधा वस्तीही असावी! डाग म्हणजे ढगांतल्या फटींतून दिसणारी सूर्याची जमीन. आज याला हसणें सोपें आहे. पण केवळ दुर्बिणीनें पाहणाऱ्याला याहून अधिक कांहीं कळण्याचा मार्गच नव्हता. १८३५ सालीं फ्रेंच तत्त्ववेत्ता ऑगस्त काँत यानें तर स्पष्टच लिहून टाकलें कीं, तारे कशाचे बनले आहेत हें मनुष्यास कधींही कळणार नाहीं.

काँतच्या मरणानंतर दोनच वर्षांनीं, १८५९ सालीं, जर्मनींत किर्खहोफ व बुन्सेन यांनीं तो मार्ग काढला. चुलींत मिठाचा खडा पडला म्हणजे ज्वाळ पिवळी होते हें आमच्या घरच्या बायकांस ठाऊक आहे. तोच पिवळा प्रकाश लोलकांतून नेला, तर सप्तरंगांचा सलग पट्टा न दिसतां एका ठराविक जागीं पिवळी रेषा उमटते (नीट पाहिलें तर दोन, अगदीं लगतच्या), आणि ती सोडियमची खूण होय. घट्ट किंवा पातळ पदार्थ तापून चमकला तर सलग पट्टा. विरळ वायु चमकला तर सुट्या रेषा. आणि प्रत्येक वायूच्या रेषा निराळ्या. दुर्बिणीच्या शेपटाला हा लोलक जोडतांच तिची जातच बदलली. आतां ती वस्तु केवळ मोठी करून दाखवीना, तर ती कशाची आहे हेंही सांगूं लागली.

सूर्याच्या बाबतींत मात्र अडचण अशी कीं, त्याचें बिंब एवढें तेजाळ कीं त्याच्या कडेचें कांहींच दिसत नाहीं. १८४२ च्या खग्रास ग्रहणांत चंद्राच्या काळ्या बिंबाभोंवतीं तांबूस ज्वाळा उठलेल्या पाहून युरोपांतले ज्योतिषी चकित झाले होते. १८६० च्या ग्रहणाच्या छायाचित्रांवरून त्या चंद्राच्या नसून सूर्याच्याच आहेत हें ठरलें. त्या कसल्या, हें सांगण्यास लोलकाची दुर्बीण हवी होती, आणि मुबलक वेळ मिळेल असें ग्रहण हवें होतें. असें ग्रहण १८ ऑगस्ट १८६८, मंगळवार, शके १७९० च्या श्रावणी अमावास्येस यावयाचें होतें. आणि त्याची सांवली आमच्या प्रांतावरून जावयाची होती.

ती सांवली अरबी समुद्रावरून आली, कोंकण व सह्याद्रि ओलांडून कोल्हापूर, सांगली, मिरज, जमखंडी, विजापूर या भागांतून पूर्वेस गुंटूर व मच्छलीपट्टणकडे गेली. आजचा सांगली जिल्हा तेव्हां नव्हता. तो १९४९ सालीं 'दक्षिण सातारा' या नांवानें निर्माण झाला व १९६० सालीं त्यास सांगलीचें नांव मिळालें. १८६८ सालीं तासगांव, वाळवें, खानापूर हे सातारा जिल्ह्याचे तालुके होते, आणि सांगली, मिरज, कुरुंदवाड, जमखंडी हीं पटवर्धनांचीं संस्थानें. त्यांतलें जमखंडी परशुरामभाऊंच्या शाखेकडे. आज तें गांव कर्नाटकांत बागलकोट जिल्ह्यांत मोडतें. पण त्या काळच्या सांगलीकराला जमखंडी म्हणजे भाऊबंदांचें घर होतें.

आतां श्रावण महिना आणि कोंकणचा किनारा! तेथें त्या दिवसांत आठ आठ दिवस सूर्याचें नांव नसतें. इंग्लंडाहून यंत्रें मागवून कोणी शहाणा मनुष्य श्रावणांत विजयदुर्गास ग्रहण पाहावयास बसेल ही कल्पनाच आमच्या कोंकणी मित्रांस कशी पटली हें समजत नाहीं. घाटाच्या पूर्वेस, जेथें पाऊस कमी, तेथेंच जावयास हवें होतें. म्हणून लंडनच्या रॉयल सोसायटीच्या विनंतीवरून दुर्बीण व वर्णपटदर्शक घेऊन जो अधिकारी निघाला, त्यानें जमखंडी गांठली. त्याचें नांव लेफ्टनंट जॉन हर्शल. हा युरेनसवाल्या विल्यम हर्शलचा नातू. दक्षिण गोलार्धांतले तारे मोजण्यासाठीं त्याचा बाप सर जॉन आफ्रिकेच्या टोकाशीं केप येथें दुर्बीण घेऊन राहिला असतां, १८३७ सालीं याचा जन्म तेथेंच झाला. हा इंजिनिअरांच्या पलटणींत शिरून हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय मोजणीच्या खात्यांत काम करीत होता. (याचाच वडील भाऊ बंगालमध्यें मुलकी अधिकारी असतांना करारावर हाताचे ठसे घेऊं लागला, व त्यांतून पुढें बोटांच्या ठशांची विद्या निघाली. घराणेंच असें कीं जें दिसेल तें नोंदवावें.) जमखंडींत त्याच्या जोडीला लेफ्टनंट कँबेल म्हणून दुसरा एक अधिकारी होता. शेजारीं विजापुरास कॅप्टन हेग हाही लहानसा वर्णपटदर्शक घेऊन बसला होता.

पूर्वेकडे गेलें तरी श्रावण तो श्रावणच. त्या सकाळीं जमखंडीच्या आभाळांत ढगांची धांव चालू होती. खग्रासाचा काल पांच मिनिटांहून किंचित् अधिक. असा दीर्घ योग मनुष्याच्या आयुष्यांत क्वचितच मिळतो, आणि त्यांतला बहुतेक भाग ढगांनीं खाल्ला. यंत्र सज्ज, डोळा भिंगाला, आणि समोर नुसता करडा पडदा. त्या मनुष्याच्या मनाची काय स्थिति झाली असेल याची कल्पना वाचकांनींच करावी. परंतु ढगांच्या फटी पडल्या. अशा एका फटींत सूर्याच्या कडेची ज्वाळ त्याच्या नजरेस आली, त्यानें ती वर्णपटदर्शकाच्या चिरेवर आणली, आणि सलग पट्ट्याच्या ऐवजीं त्यास तीन झगझगीत रेषा दिसल्या: एक तांबडी, एक नारिंगी, एक निळी.

एवढेंच. पण या तीन रेषांनीं आजोबाच्या सूर्याचा निकाल लावला. सूर्याच्या कडेवरच्या त्या ज्वाळा म्हणजे पर्वत नव्हेत, ढग नव्हेत, तर तापून चमकणारा विरळ वायु आहे. आणि तांबडी व निळी या रेषांच्या जागा हायड्रोजनच्या रेषांशीं जुळत होत्या. थंड जमीन आणि तिच्यावर वस्ती यांस आतां तेथें थारा राहिला नाहीं. कँबेलनें आपल्या परीनें सूर्याभोंवतींच्या पांढऱ्या किरीटाचा प्रकाश तपासला, व तो बऱ्याच अंशीं सूर्याचाच विखुरलेला प्रकाश असावा असें दाखविलें. म्हणजे किरीटही सूर्याचा, चंद्राचा नव्हे. विजापुरास हेगला ढगांतूनच ज्वाळांच्या तेजस्वी रेषा दिसल्या. गुंटूरला टेनंट व फ्रान्सहून आलेला झान्सेन, मच्छलीपट्टणास मद्रासच्या वेधशाळेचा पॉग्सन, यांस आभाळानें अधिक साथ दिली व त्यांचीही साक्ष तीच पडली. एकाच सकाळीं एकाच सांवलीखालीं दूर दूर बसलेल्या माणसांनीं एकमेकांस न विचारतां तेंच सांगितलें, हें या ग्रहणाचें खरें महत्त्व होय.

राहिली ती नारिंगी रेषा. ती सोडियमच्या पिवळ्या रेषांच्या इतकी जवळ कीं, पाहणाऱ्यांपैकीं बहुतेकांस ती सोडियमचीच वाटली. ढगांच्या पळापळींत याहून बारीक मोजमाप होणें नव्हतें. येथून हीलियमची गोष्ट सुरू होते. गुंटूरच्या झान्सेनला रेषा एवढ्या तेजस्वी दिसल्या कीं, ग्रहण नसतांनाही त्या दिसाव्या असें त्याच्या मनांत आलें, आणि दुसऱ्याच दिवशीं, १९ ऑगस्टला, भर उन्हांत त्यानें त्या पाहिल्या. इकडे इंग्लंडांत लॉक्यर हा लढाई खात्यांतला कारकून फावल्या वेळीं तोच प्रयत्न करीत होता. त्यास २० ऑक्टोबरला यश आलें. दोघांच्या पत्रांचें वाचन पॅरिसच्या अकादमींत २६ ऑक्टोबरला एकाच बैठकींत झालें, आणि पुढें फ्रेंच सरकारनें दोघांचे मुखवटे असलेलें एकच पदक पाडलें. आतां घाई उरली नव्हती. लॉक्यरनें सावकाश मोजून ठरविलें कीं, ही रेषा सोडियमच्या जागेवर नाहीं, किंचित् बाजूला आहे, आणि पृथ्वीवरच्या कोणत्याही ज्ञात पदार्थाची नाहीं. सूर्याच्या ग्रीक नांवावरून त्या अज्ञात पदार्थास हीलियम म्हणूं लागले. १८९५ सालीं रॅम्झेनें एका खनिजांतून तोच वायु काढून हातीं दिला, तेव्हां कोठें सर्वांची खात्री पटली.

या सुमारास महाराष्ट्रांत या विद्येची कांहींच वार्ता नव्हती असें नाहीं. सिहोरला विल्किन्सन साहेबांच्या सहवासांत असलेल्या सुबाजी बापूंनीं १८३६ सालींच 'सिद्धांतशिरोमणिप्रकाश' या मराठी पुस्तकांत पुराणें, सिद्धांत व कोपर्निकस यांचीं मतें शेजारीं शेजारीं मांडून पाहिलीं होतीं. केरो लक्ष्मण छत्रे यांनीं १८६० सालीं 'ग्रहसाधनाचीं कोष्टकें' प्रसिद्ध केलीं. दुर्बिणीच्या वेधांवर बसविलेल्या युरोपीय गणिताच्या आधारें त्यांचें पटवर्धनी पंचांग शके १७८७ पासून, म्हणजे जमखंडीच्या ग्रहणाच्या तीनच वर्षें आधीं, निघूं लागलें होतें. तेव्हां दुर्बीण मराठी घरांत शिरली ती पंचांगाच्या वाटेनें. परंतु पंचांगाचा प्रश्न तो जुनाच: कोठें व केव्हां? जुन्या पद्धतीचें पंचांग आणि दृक्प्रत्ययी पंचांग यांत तिथीचा फरक पडूं लागला, एकादशी कोणती खरी यावर घरांतल्या घरांत दोन पक्ष झाले, आणि तो वाद थेट १९२० सालीं सांगलीस भरलेल्या ज्योतिष-संमेलनापर्यंत व त्यापुढेंही चालला. त्या वादांत विद्वत्ता थोर खर्ची पडली. शंकर बाळकृष्ण दीक्षितांचा 'भारतीय ज्योतिःशास्त्र' हा १८९६ चा अमोल ग्रंथ याच तपाचें फळ आहे. पण त्याच सांगलीपासून थोड्या मजलांवर सूर्य कशाचा केला आहे याची चौकशी होऊन गेली होती, आणि त्या प्रश्नाकडे आमच्या शास्त्री-पंडितांचें लक्ष फारसें वळलें नाहीं, याची खंत आम्हांस वाटते. त्यांना तो प्रश्न कळला नसता असें नाहीं. त्यांच्यासमोर घरची एकादशी होती एवढेंच.

दुसऱ्या ग्रहणापर्यंत थोडा पालट झालेला दिसतो. २२ जानेवारी १८९८, पौष अमावास्या. या वेळीं सांवली विजयदुर्गावरून शिरली व ईशान्येस वळून कृष्णा-कोयनेच्या संगमावरच्या कऱ्हाडच्या मुलुखावरून सोलापूर जिल्ह्यांतल्या जेऊरकडे व पुढें वऱ्हाडांत गेली. सांगली या वेळीं पट्ट्याबाहेर राहिली. खग्रास अवघें दोन मिनिटांचें. पण महिना पौष, आभाळ निरभ्र. विजयदुर्गास लॉक्यर आला तो आतां सर नॉर्मन लॉक्यर होऊन, आणि मेल्पोमीन या लढाऊ जहाजावरच्या खलाशांस यंत्रांवर उभें करून त्यानें वेध घेतले. ते कट्टे याच वेळचे. जेऊरला अमेरिकेच्या लिक वेधशाळेचा कँबेल (जमखंडीच्या कँबेलाशीं याचा संबंध नाहीं), जपानी मंडळी, आणि त्यांच्या पंक्तीस पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्रोफेसर कावसजी दादाभाई नायगमवाला. भावनगरच्या महाराजांच्या देणगींतून पुण्यास उभारलेल्या तख्तसिंहजी वेधशाळेचे हे चालक. वीस इंची आरशाची तेथली दुर्बीण त्या काळीं हिंदुस्थानांत सर्वांत मोठी होती. १९१२ नंतर ती कोडाईकनालला गेली. तेव्हां तीस वर्षांपूर्वीं ज्या प्रदेशांत केवळ परकीय अधिकारी सूर्याकडे पाहत होता, तेथें आतां पुण्याहून आलेला प्रोफेसर आपल्या शिष्यांसह आपलें यंत्र मांडून बसला.

या ग्रहणांत प्रश्नही पुढें सरकला होता. किरीटाच्या प्रकाशांतल्या हिरव्या रेषेचें स्थान तीस वर्षें चुकीचें धरलें गेलें होतें. १८९८ च्या छायाचित्रांवरून तें सुधारलें. पण ती रेषा कशाची, हें कळण्यास आणखी चाळीसांहून अधिक वर्षें लागलीं. काल्पनिक 'कोरोनियम' मूलद्रव्य तिच्या नांवें कांहीं काळ ग्रंथांतून वावरलें. शेवटीं १९४० नंतर स्वीडनच्या एडलेननें दाखविलें कीं, तो साधा लोखंडाचा वायु आहे. मात्र दहा लाख अंशांच्या उष्णतेनें त्याचे तेरा इलेक्ट्रॉन उडून गेले आहेत. सूर्याच्या पृष्ठभागाची उष्णता सहा हजार अंशांच्याही आंत, आणि त्याच्या बाहेरच्या विरळ किरीटाची दहा लाख! चुलीपेक्षां चुलीबाहेरची हवा अधिक तापलेली, असा हा प्रकार. याचा उलगडा अजून पुरता झालेला नाहीं. २०२३ सालीं हिंदुस्थानानें अवकाशांत पाठविलेल्या आदित्य यानावर सूर्यबिंब झांकून कायमचें ग्रहण निर्माण करणारी दुर्बीण बसविली आहे ती मुख्यतः याचसाठीं.

अलीकडे १८ ऑगस्टला विजयदुर्गावर हीलियमचा दिवस साजरा करितात. साजरा जरूर करावा. किल्ला तसा मानाचाच आहे, आणि १८६८ ची सांवली कोंकणावरूनही गेली होती. फक्त तारीख एका ग्रहणाची आणि कट्टे दुसऱ्या ग्रहणाचे आहेत, एवढें तेथें जाणाऱ्या मुलांस सांगितलें जावें. आणि त्याच दिवशीं सांगली-मिरजेकडच्या शाळांतून जमखंडीच्या ढगांतल्या त्या तीन रेषांची आठवण निघावी.

जॉन हर्शल पुढें कर्नल होऊन विलायतेस परतला. तो १९२१ पर्यंत जगला. त्या श्रावणांत ढगांच्या फटींतून दिसलेली नारिंगी रेषा सोडियमची नव्हती, आणि ती कोणाची होती, हें कळल्यावर सव्वीस वर्षें.